धातु कसा गोठतो? स्वयंभू बीज व आश्रित बीज

पदार्थाचा वितळण्याचा बिंदु व गोठण्याचा बिंदु एकच असतो, असें आपण शाळेंत शिकतों व परीक्षेंत तसेंच लिहितों. तांबें १०८५ अंश सेंटिग्रेडला वितळतें. तेव्हां वितळलेलें तांबें थंड होत होत १०८५ अंशांवर आलें कीं तें गोठलेंच पाहिजे, असें ह्यावरून सहज वाटतें. परंतु शुद्ध तांब्याचा एक सूक्ष्म थेंब घेऊन तो जपून थंड केला, तर ८५० अंशांच्या जवळपास येईपर्यंत तो पातळच राहूं शकतो, हें प्रयोगानें सिद्ध झालें आहे. मग पुस्तकांतील वाक्य खोटें काय? तें खोटें नव्हे, अपुरें आहे. वितळण्याचा बिंदु आपणांस इतकेंच सांगतो कीं, ह्याच्या खालीं पदार्थाचें घनरूप हें अधिक स्थिर होय. त्या रूपाकडे जाण्यास आरंभ कोठून व्हावयाचा, हें तो सांगत नाहीं.

त्या आरंभाचा विचार करण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे. विषय जरा कठीण आहे. पण तो केवळ पुस्तकी नाहीं. ओतशाळेंत एकाच भट्टींतून निघालेलें लोखंड एका सांच्यांत ठिसूळ होतें व दुसऱ्यांत कामास येतें, ह्याचें कारण त्या आरंभांत आहे. आपल्या सोलापुरांत ओतल्या जाणाऱ्या इंजिनाच्या भागांचें आयुष्य त्यावर अवलंबून आहे. आणि सोलापूरच्या आकाशांतील ढगांवर जो प्रयोग झाला, त्याच्या मुळाशींही ह्याच जातीचा विचार होता.

१. आरंभ कठीण कां?

द्रवांतील अणु एकमेकांस खेटून असतात, परंतु त्यांची रांग नसते. घनधातूंत तेच अणु ठराविक रचनेनें ओळीओळींनीं बसलेले असतात. द्रव थंड होऊं लागला म्हणजे अणूंची धांवपळ मंदावते, आणि मधूनमधून कोठें दहा, कोठें वीस अणु क्षणभर स्फटिकाच्या रचनेंत येतात व पुन्हां विस्कटतात. असे पुंजके द्रवांत सदैव होत असतात आणि मोडत असतात. त्यांपैकीं एखादा टिकला व वाढीस लागला, तरच धातु गोठूं लागला असें म्हणावयाचें. ह्या टिकणाऱ्या पुंजक्यास आपण स्फटिकबीज म्हणूं, आणि तें तयार होण्याच्या क्रियेस बीजधारणा म्हणूं. इंग्रजी ग्रंथांत ह्या क्रियेस न्यूक्लिएशन असें नांव आहे.

पुंजका टिकावा कीं मोडावा, हें एका जमाखर्चावर ठरतें. वितळण्याच्या बिंदूखालीं घनरूप स्थिर असल्यामुळें द्रवाचा जेवढा भाग घन झाला, तेवढी ऊर्जा वांचते. ही झाली जमा. परंतु पुंजका तयार होतांच घन व द्रव ह्यांच्यामध्यें एक नवी सीमा निर्माण होते. त्या सीमेवरील अणूंना धड घनांतले शेजारी नाहींत, धड द्रवांतले नाहींत; म्हणून सीमेच्या प्रत्येक चौरस भागापाठीमागें कांहीं ऊर्जा वेंचावी लागते; हा झाला खर्च. जमा ही घनफळाच्या प्रमाणांत वाढते व खर्च पृष्ठफळाच्या प्रमाणांत. भूमितीचा साधा नियम आठवावा : गोळ्याची त्रिज्या दुप्पट केली, तर पृष्ठफळ चौपट होतें, पण घनफळ आठपट होतें. ह्याचा अर्थ असा कीं, लहान पुंजक्याच्या बाबतींत खर्च जमेवर मात करितो, आणि मोठ्याच्या बाबतींत जमा खर्चावर मात करिते. एका ठराविक मापापर्यंत पुंजक्यांत एकेक अणु वाढणें म्हणजे घाट चढणें होय. तें माप ओलांडलें कीं पुढें उतार लागतो, आणि पुंजका आपोआप वाढत जातो. ह्या मापास निर्णायक त्रिज्या म्हणतात. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक विलार्ड गिब्ज ह्यांनीं इ. स. १८७६ ते १८७८ ह्या काळांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या विचाराचा पाया घातला. आणि जर्मनींत फोल्मर व वेबर ह्यांनीं इ. स. १९२६ मध्यें त्यास बीजधारणेच्या वेगाच्या गणिताचें रूप दिलें.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. बरोबर वितळण्याच्या बिंदूवर घन व द्रव हीं दोन्हीं रूपें सारखींच स्थिर असतात. म्हणजे जमा शून्य. जमा शून्य आणि खर्च मात्र आहेच, तेव्हां त्या बिंदूवर कोणताही पुंजका, तो कितीही मोठा असो, वाढूं शकत नाहीं. द्रव त्या बिंदूच्या जितका खालीं जाईल तितकी जमा वाढते, आणि निर्णायक त्रिज्या तितकी लहान होते. द्रवाच्या ह्या खालीं जाण्यास अतिशीतन म्हणतात. थोडेंबहुत अतिशीतन झाल्यावांचून नवें बीज धरत नाहीं. हें अतिशीतन नवीन शोधिलेलें नव्हे. फॅरेनहाइट ह्यानें इ. स. १७२४ मध्येंच असें प्रसिद्ध केलें होतें कीं, कांचेच्या बंद गोळ्यांतील पाणी आपल्या गोठण्याच्या बिंदूच्या बरेंच खालीं उतरूनही पातळ राहतें, आणि त्यांत बर्फाचा कण पडतांच तें झपाट्यानें गोठूं लागतें.

२. स्वयंभू बीज

ज्या द्रवांत कसलाही परका कण नाहीं, व ज्यास पात्राच्या भिंतीचाही आधार मिळत नाहीं, अशा द्रवाच्या पोटीं केवळ त्याच्याच अणूंच्या योगायोगानें जें बीज निर्माण होतें, त्यास आम्ही स्वयंभू बीज म्हणतों. शास्त्रांत ह्या प्रकारास होमोजीनियस न्यूक्लिएशन म्हणतात. हा योगायोग किती दुर्घट आहे, तें आंकड्यांनीं पाहूं.

तांबें २३६ अंश अतिशीत झालें असतां त्याची निर्णायक त्रिज्या सुमारें सव्वा नॅनोमीटर येते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा गोळींत तांब्याचे सुमारें सहाशें अणु मावतात. सहाशें अणु एकाच वेळीं योग्य रचनेंत येणें ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु द्रवांत अणूंची संख्या अपार असल्यामुळें व त्यांची चळवळ अखंड चालू असल्यामुळें हें घडून येऊं शकतें. आतां अतिशीतन फक्त ५ अंश आहे, असें धरा. निर्णायक त्रिज्या अतिशीतनाच्या व्यस्त प्रमाणांत बदलते, म्हणून ती सुमारें ४७ पट होते. आणि घनफळ ४७ चा घन म्हणजे एक लाख पटींहून अधिक होतें. तेव्हां त्या बीजास सहाशें नव्हे, तर सहा कोटींहून अधिक अणु एकत्र यावे लागतील. सोलापूर शहराच्या साऱ्या वस्तीनें कोणी न सांगतां एकाच क्षणीं कवाइतीच्या रांगेंत उभें राहावें, अशी कल्पना केली तरी ती ह्याहून सोपीच ठरेल! ओतशाळेंत धातु तर थोड्याच अंशांच्या अतिशीतनानें गोठतो. ह्यावरून सरळच अनुमान निघतें कीं, ओतशाळेंतील धातु स्वयंभू बीजानें गोठत नाहीं.

मग स्वयंभू बीज पाहावयाचें तरी कसें? कितीही शुद्ध केलेला धातु घेतला तरी त्यांत कोठें ना कोठें परका कण असतोच, आणि एक कण सगळा घाण गोठविण्यास पुरे होतो. ह्या अडचणीवर डेव्हिड टर्नबुल नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें जी युक्ति योजिली, ती फार सुबक आहे. समजा, एका पायली तांदळांत दहा खडे आहेत. सगळा तांदूळ एकाच पातेल्यांत ठेवला, तर तें पातेलें खड्यांचें ठरलें. पण तोच तांदूळ हजार वाट्यांत वांटला, तर फार झालें तर दहा वाट्यांत खडे सांपडतील. उरलेल्या नऊशें नव्वद वाट्या निखालस स्वच्छ! टर्नबुल ह्यानें धातूचे मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांएवढे बारीक थेंब केले. परके कण थोडे आणि थेंब असंख्य. म्हणून पुष्कळ थेंब पूर्ण निर्मळ राहिले. मग सूक्ष्मदर्शकाखालीं ते एकेक गोठतांना पाहिले. इ. स. १९५० मध्यें टर्नबुल व सेक ह्यांनीं जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांत तांब्याचे थेंब २३६ अंश, लोखंडाचे २९५ अंश व निकेलचे ३१९ अंश अतिशीत झालेले आढळले. लोखंड १५३८ अंशांस वितळतें. म्हणजे तें १२४३ अंशांपर्यंत पातळ राहिलें. निरनिराळ्या धातूंत हा आंकडा निरपेक्ष मापानें मोजलेल्या वितळण्याच्या उष्णतामानाच्या सहाव्या ते पांचव्या हिश्शाच्या दरम्यान पडतो, असें त्यांस दिसून आलें. पुढें अधिक काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत कांहीं धातु याहूनही खालीं नेतां आले. म्हणजे त्या पहिल्या थेंबांतही कांहींना थोडा छुपा आश्रय मिळाला असावा. खरें स्वयंभू बीज इतकें विरळा आहे!

३. आश्रित बीज

द्रवांत तरंगणारा एखादा परका घन कण, पृष्ठभागावरील मळीचा तुकडा, किंवा सांच्याची भिंत ह्यांच्या आधारानें जें बीज धरतें, तें आश्रित बीज होय. शास्त्रांतील त्याचें नांव हेटरोजीनियस न्यूक्लिएशन. आश्रयानें काम सोपें कां होतें, हेंही त्या जमाखर्चावरूनच कळतें. भिंतीवर पाण्याचा थेंब बसावा, तसा स्फटिकाचा पुंजका परक्या पृष्ठावर टोपीच्या आकारानें बसतो. पूर्ण गोळा करण्याची गरज उरत नाहीं. गोळ्याचा एक काप पुरतो. निर्णायक त्रिज्या तीच राहते, परंतु तेवढ्याच त्रिज्येचा काप बनविण्यास अणु फारच थोडे लागतात.

किती थोडे, तें स्फटिक व आश्रय ह्यांच्या मेळावर अवलंबून आहे. हा मेळ टोपीच्या कडेला जो कोन होतो, त्यानें मोजतात. कोन १८० अंश असेल, तर पृष्ठ व पुंजका ह्यांचा कांहींच संबंध नाहीं, आश्रय निरुपयोगी. कोन ९० अंश असेल, तर खर्च निम्मा होतो. कोन ३० अंशांवर आला कीं खर्च सुमारें ऐंशींव्या हिश्शावर येतो. आणि १० अंशांवर तर तो जवळजवळ सहा हजारावा हिस्सा होतो. मघांचीं सहा कोटींचीं बीजें येथें दहा-अकरा हजार अणूंत तयार होतात. ज्या परक्या पदार्थाच्या अणूंची रचना व अंतरें स्फटिकाच्या रचनेशीं जुळतीं असतात, त्याचा कोन लहान. म्हणून तो उत्तम आश्रय. केवळ कचरा पडला म्हणजे बीज धरतें असें नाहीं; तो कचरा त्या धातूस मानवला पाहिजे.

हें तत्त्व आपल्या घरांत व शिवारांत फार दिवसांपासून राबत आहे. खडीसाखर करणारा घट्ट पाकांत दोरे सोडून ठेवितो व त्या दोऱ्यांवर खडे धरतात. आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत उंसाचा रस आटवून तो योग्य दाटपणास आला म्हणजे त्यांत साखरेच्या अतिबारीक भुकटीचें बीज घालितात; बीजाच्या संख्येवर साखरेचा दाणा बारीक निघणार कीं जाड, हें ठरतें. साखरेंतच साखरेचें बीज पडलें, तर आश्रय व आश्रित एकाच रचनेचे. तेथें मेळ पूर्णच.

विद्यार्थ्यांनीं हा प्रकार प्रयोगशाळेंत स्वतः पाहावा. फोटोग्राफींत वापरतात त्या हायपोचे स्फटिक स्वच्छ परीक्षानळींत घेऊन ऊन पाण्यांत धरावेत. ४८ अंशांच्या सुमारास ते आपल्याच पाण्यांत विरघळून पातळ होतात. नळीच्या तोंडास कापूस लावून ती न हलवितां थंड होऊं द्यावी. हा प्रयोग हिवाळ्याच्या दिवसांत करावा. आपल्याकडील वैशाखांत तो तितका साधत नाहीं. नळी थंड झाली तरी द्रव तसाच राहतो. मग कापूस काढून हायपोचा एकच बारीक कण आंत टाकावा. त्या कणापासून चोहोंकडे सुया धांवूं लागतात, आणि थोड्याच वेळांत सारी नळी घट्ट होते. त्याच वेळीं नळीस हात लावून पाहावा : ती ऊन लागते! गोठतांना सुप्त उष्णता बाहेर पडते, ती ही. अतिशीत धातूंतही असेंच घडतें. बीज धरतांच उष्णतामान उसळी मारून पुन्हां वितळण्याच्या बिंदूकडे चढतें. ही उसळी पुढें बिडाच्या प्रकरणांत फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून ती लक्षांत ठेवावी.

४. ओतशाळेंतील बीजपेरणी

जस्ती पत्र्यावर किंवा जस्ती बादलीवर बर्फाच्या फुलांसारखीं चमकदार नक्षी आपण पाहिली असेल. तें प्रत्येक फूल म्हणजे जस्ताचा एक स्वतंत्र स्फटिक. एकेका बीजापासून तो वाढला, व शेजारच्या स्फटिकास भिडला तेथें थांबला. सर्व ओतीव धातु अशाच स्फटिकांचे बनलेले असतात. बहुतेकांत ते इतके बारीक कीं डोळ्यांस दिसत नाहींत. बीजें थोडीं असलीं तर स्फटिक मोठे व धातु भरड. बीजें पुष्कळ असलीं तर स्फटिक लहान व धातु बारीक कणांचा. बारीक कणांचा धातु सामान्यतः अधिक बळकट व कमी ठिसूळ असतो, आणि ओततांना त्यास तडेही कमी जातात. म्हणून ओतशाळेचा पहिला प्रश्न हा कीं, बीजें वाढवावीं कशीं?

ॲल्युमिनियमच्या कामांत ह्यासाठीं टिटॅनियम व बोरॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्या वितळलेल्या धातूंत टाकतात. त्यांतून टिटॅनियम बोराइडचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे कण सर्वत्र पसरतात. एका टनास कांड्यांचे एक-दोन किलोग्रॅम पुरतात; आणि एवढ्यानें एखाद्या अंशाच्या अतिशीतनावरच बीजधारणा सुरू होते. तथापि टाकलेल्या कणांपैकीं शंभरांत एखादाच प्रत्यक्ष बीज होतो. कारण असें कीं, मोठे कण आधीं कामास लागतात. त्यांवर स्फटिक वाढूं लागतांच सुप्त उष्णता सुटते, उष्णतामान चढतें, व उरलेल्या बारीक कणांची पाळी येतच नाहीं. म्हणून कण किती टाकले ह्याइतकेंच ते किती मोठे व किती एकसारखे आहेत, हेंही पाहावें लागतें.

बिडाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यांत शेंकडा तीन ते चार भाग कार्बन असतो. गोठतांना हा कार्बन दोन वाटांनीं जाऊं शकतो. एका वाटेनें गेला तर तो ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपानें वेगळा होतो. मोडल्यावर आंतून राखाडी दिसणारें हें बीड कापतां व कांततां येतें. दुसऱ्या वाटेनें गेला तर तो लोखंडाशीं संयोग पावून कार्बाइड बनतो. मोडल्यावर पांढरें दिसणारें हें बीड इतकें कठीण कीं त्यावर कानस चालत नाहीं, आणि इतकें ठिसूळ कीं हातोड्याच्या घावानें फुटतें. ग्रॅफाइटच्या वाटेचें दार सुमारें ११५४ अंशांवर उघडतें व कार्बाइडच्या वाटेचें सुमारें ११४८ अंशांवर. दोहोंत अंतर अवघें सहा अंशांचें. सिलिकॉन असला म्हणजे तें वाढतें. ग्रॅफाइटचीं बीजें ह्या अरुंद पट्ट्यांतच पुरेशीं धरलीं, तर सुप्त उष्णता सुटून उष्णतामान सावरतें व बीड राखाडी होतें. बीजें धरलीं नाहींत, तर द्रव थंड होत दुसऱ्या दाराच्या खालीं उतरतो, आणि बीड पांढरें होतें. म्हणजे एकाच भट्टींतील, एकाच घटकांच्या रसाचें भवितव्य काय व्हावें, हें ह्या थोड्याशा अंशांत ठरतें.

म्हणून ओतारी सांच्यांत रस ओतण्याच्या अगदीं शेवटच्या टप्प्यास त्यांत फेरो-सिलिकॉनची भुकटी टाकितो. प्रमाण शेंकडा अर्ध्या भागाहूनही कमी. ह्या भुकटींत सिलिकॉनबरोबर कॅल्शियम, ॲल्युमिनियम, बेरियम ह्यांसारख्या मूलद्रव्यांचा अंश असतो. तीं रसांतील ऑक्सिजन व गंधक ह्यांशीं मिळून सूक्ष्म ऑक्साइड व सल्फाइड कण बनवितात, व त्यांच्या आश्रयानें ग्रॅफाइटचें बीज धरतें. ह्यास इनॉक्युलेशन म्हणतात. देवीच्या टोंचणीस जो शब्द वापरीत तोच हा. पण ह्या टोंचणीचा गुण फार टिकत नाहीं. कांहीं मिनिटांतच कण एकमेकांस चिकटून मोठे होतात, वर तरंगतात किंवा विरतात. आणि आश्रयांची संख्या घटते. भुकटी घालून रस तसाच ठेवला व उशिरा ओतला, तर भुकटीचा पैसा वायां गेला व बीडही बिघडलें असें होतें. ओतशाळेंत ओतण्याच्या वेळेस इतकी घाई कां करितात, ह्याचें एक कारण हें आहे.

बीजें पुरेशीं आहेत कीं नाहींत, हें ताडण्याची एक जुनी व साधी कसोटी आहे. रसाचा थोडा भाग पाचरीच्या आकाराच्या लहान सांच्यांत ओततात व गोठल्यावर ती पाचर मोडून पाहतात. पाचरीची धार पातळ, म्हणून ती लवकर निवते व तेथें बीड पांढरें होतें; जाड बाजूस तें राखाडी राहतें. पांढरा पट्टा जितका रुंद, तितकी बीजें अपुरीं. ओतारी ती पाचर पाहून भुकटी वाढवावी कीं नाहीं, तें ठरवितो.

५. एकाच दंडांत दोन धर्म

येथवर पांढऱ्या बिडास आपण दोषच मानिला. परंतु तो दोष योग्य जागीं आणतां आला, तर तोच गुण होतो, ह्याचें उदाहरण आपल्या गांवांत आहे. इ. स. १९९२ मध्यें स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापुरांत मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतते, आणि चिल्ड बिडाचे कॅमशाफ्ट हा तिच्या मालाचा एक मुख्य प्रकार आहे. चिल्ड म्हणजे काय, हें पाहूं.

कॅमशाफ्ट हा इंजिनांतील एक फिरता दंड. त्यावर ठराविक अंतरांवर उंचवटे असतात. ते फिरतांना इंजिनाच्या झडपा उघडतात. फोर-स्ट्रोक इंजिनाचा मुख्य दंड मिनिटांत तीन हजार फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट दीड हजार घेतो. म्हणजे प्रत्येक उंचवट्यावर मिनिटास दीड हजार वेळां दाब व घासणी. उंचवटा झिजला कीं झडप पुरती उघडत नाहीं व इंजिनाची शक्ति घटते. म्हणून उंचवट्याचा पृष्ठभाग पांढऱ्या बिडासारखा कठीण पाहिजे. पण सगळाच दंड पांढऱ्या बिडाचा केला, तर तो कांततां यावयाचा नाहीं, त्यास भोंक पाडतां यावयाचें नाहीं, व एखाद्या धक्क्यानें तो मोडेल. म्हणून दंडाचें अंग राखाडी व उंचवट्यांचा पृष्ठभाग पांढरा, असे दोन धर्म एकाच ओतकामांत आणावे लागतात.

ह्याची युक्ति अशी. वाळूच्या सांच्यांत ज्या ज्या ठिकाणीं उंचवटे यावयाचे, तेथें तेथें लोखंडाचे तुकडे बसवितात. ह्यांस चिल म्हणतात. रस ओतला कीं लोखंडाचा तुकडा त्या जागची उष्णता झपाट्यानें ओढून घेतो. तेथील द्रव ग्रॅफाइटचें बीज पुरतें धरण्यापूर्वींच तो सहा अंशांचा पट्टा ओलांडून खालीं जातो, आणि चिलला लागून पांढऱ्या बिडाचा थर गोठतो. वाळूस लागलेल्या दंडाच्या अंगांत मात्र उष्णता सावकाश निघते. तेथें बीजांना वेळ मिळतो व बीड राखाडी होतें. रस एक, सांचा एक, घटका एक. पण एके ठिकाणीं बीजास अवसर दिला व दुसरे ठिकाणीं तो नाकारला. भुकटी कमी पडली तर अंगही पांढरें होऊन कांतणाऱ्याचें हत्यार मोडावयाचें; भुकटी फार झाली तर उंचवटेही राखाडी होऊन इंजिन अल्पायुषी व्हावयाचें. ह्या दोन चुकांच्या मधली जी अरुंद वाट, तिच्यावरून रोज चालणें म्हणजे ओतशाळेचें शास्त्र. सोलापूर हें चादरींचें व टॉवेलांचें गांव म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे; त्याच गांवांत हेंही बारकाईचें काम चालतें, हें आपल्या मुलांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

६. ढगांतील आश्रय

टर्नबुल ह्यानें आपले धातूंचे थेंब अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत गोठविले. त्याच प्रयोगशाळेंत इ. स. १९४६ मध्यें बर्नार्ड व्हॉनेगट ह्यानें असें दाखविलें कीं, सिल्व्हर आयोडाइडचे कण अतिशीत ढगांतील थेंबांना गोठवूं शकतात. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखालीं सुमारें ३८ अंशांपर्यंत पातळ राहूं शकतात. परंतु सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या रचनेशीं फार जुळती असल्यामुळें त्याच्या आश्रयानें तेच थेंब शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठूं लागतात. ह्याच व्हॉनेगटनें इ. स. १९४८ मध्यें कथलाच्या व पाण्याच्या अतिशीत थेंबांचा अभ्यास एकत्रच प्रसिद्ध केला. धातु व मेघ ह्यांना एकच नियम लागू आहे, हें ह्यावरून दिसतें.

पर्जन्यछायेंतील आपल्या जिल्ह्यास ह्या विषयाचें महत्त्व सांगावयास नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें इ. स. २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या परिसरांतील ढगांवर विमानांच्या साहाय्यानें प्रयोग केले. त्यांत गोठविण्याचा प्रश्न नव्हता. ढगांच्या तळाशीं पाणी शोषणारे क्षारांचे कण सोडून वाफेस मोठे थेंब करण्यास आश्रय द्यावयाचा होता. कांहीं ढगांत कण सोडले, कांहीं तसेच राखले व दोहोंची तुलना केली. कण सोडलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेस शंभर चौरस किलोमीटरच्या टापूंत सरासरीनें सुमारें १८ टक्के अधिक पाऊस झाला, असा निष्कर्ष त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला.

परंतु ह्या बाबतींत भाबडेपणा नसावा. आश्रय हा आरंभ सोपा करितो. तो द्रव्य निर्माण करीत नाहीं. रस नसेल तर फेरो-सिलिकॉनची गोणी ओतूनही बीड होणार नाहीं. तसेंच आकाशांत योग्य ढग नसतील, तर विमान पाऊस आणणार नाहीं. दुष्काळाच्या वर्षीं विमानाकडे डोळे लावून बसणाऱ्यास हें समजावून सांगणें शिकलेल्या मुलांचें कर्तव्य आहे. विहिरीची गाळकाढणी, बांधबंदिस्ती व पाण्याची काटकसर ह्यांस विमान हा पर्याय नव्हे.

उपसंहार

ह्या साऱ्या विवेचनाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल. स्वयंभू बीज शक्य आहे, पण तें इतकें दुर्घट कीं तें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत परोपरीचे यत्न करावे लागतात. व्यवहारांतील धातु बहुतेक सर्वदा कोणत्या तरी आश्रयानेंच गोठतो. म्हणून धातूचा आरंभ दैवावर न सोडतां त्यास योग्य आश्रय, योग्य संख्येनें, योग्य जागीं व योग्य वेळीं देणें, आणि जेथें नको तेथें न देणें, ह्यांतच ओतकामाचें कौशल्य आहे.

विद्यार्थ्यांनीं विचार करावा असे प्रश्न :

(१) गॅलियम हा धातु २९·८ अंशांस वितळतो. उन्हाळ्यांत कपाटांतील बाटलींत पातळ झालेला गॅलियम थंडीच्या दिवसांतही तसाच पातळ राहिलेला आढळला. त्याचें कारण काय, व तो गोठविण्यास काय करावें?

(२) अतिशीतन दुप्पट केलें, तर निर्णायक त्रिज्या किती होईल, आणि बीजास लागणाऱ्या अणूंची संख्या कितव्या हिश्शावर येईल?

(३) पाचरीच्या कसोटींत पांढरा पट्टा फार रुंद निघाला. भुकटी तर नेहमींइतकीच घातली होती. आणखी कोणत्या कारणानें असें झालें असेल?

(४) कॅमशाफ्टच्या सांच्यांत लोखंडाचा चिल बसविण्याऐवजीं त्याच आकाराचा वाळूचा तुकडा बसविला, तर उंचवटा कसा निघेल, व तो इंजिनांत किती दिवस टिकेल?